हासेकुरा इसुना : ‘लांडगा आणि मसाले’ लिहिणाऱ्या लेखकाची वीस वर्षं

हळदुली

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या वडिलांचं हळदीचं अडत दुकान होतं. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची आणि आजूबाजूच्यांना काही कळायचं नाही. मला वाटायचं, जगातली सगळ्यात मोठी गुपितं त्या रुमालाखालीच असतात.

मोठेपणी पुस्तकं भरपूर वाचली, पण त्या रुमालाखालच्या जगाबद्दल कोणी मनापासून लिहिलेलं फारसं हाती लागलं नाही. व्यापारी गोष्टीत यायचा तो लबाड सावकार म्हणून, नाहीतर नायिकेचा श्रीमंत बाप म्हणून. मग सात-आठ वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने एक जपानी लाइट नॉव्हेल दिली, इंग्रजी अनुवादातली. नाव ‘स्पाइस अँड वुल्फ’, मूळ जपानी ‘ओओकामी तो कोशिन्र्यो’. मी तिला ‘लांडगा आणि मसाले’ म्हणते. नायक क्राफ्ट लॉरेन्स पंचविशीतला फिरता व्यापारी आहे. घोडागाडीत माल भरायचा, एका गावात घ्यायचा, दुसऱ्या गावात विकायचा. एका रात्री त्याच्या गाडीत होलो सापडते. दिसायला पोरसवदा मुलगी, पण कान आणि शेपूट लांडग्याची. ती पास्लोए गावच्या गव्हाची शेकडो वर्षांची राखणदार देवता आहे. गावाला आता तिची गरज उरलेली नाही, म्हणून तिला उत्तरेकडे आपल्या मूळ गावी, योइत्सूला, परत जायचंय. दोघं सोबत निघतात. १७ खंडांची गोष्ट एवढ्याशा कारणावरून सुरू होते.

लेखक हासेकुरा इसुना. जन्म १९८२चा. रिक्क्यो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असताना लिहायला लागला. २००५मध्ये बाराव्या देंगेकी कादंबरी पुरस्कारात त्याला रौप्य पारितोषिक मिळालं आणि फेब्रुवारी २००६मध्ये पहिला खंड आला, तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता. जपानमध्ये दरवर्षी लाइट नॉव्हेलची क्रमवारी लावणारं एक मार्गदर्शक पुस्तक निघतं. त्याच्या २००७च्या आवृत्तीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. २००८ आणि २००९मध्ये त्यावर अॅनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्र मालिका, झाला. जुलै २०११मध्ये सतराव्या खंडाने गोष्ट संपली. म्हणजे साडेपाच वर्षांत १७ पुस्तकं.

धागा काढायचं कारण त्याच्या पुढची वर्षं. २०११नंतर त्याने वेगळं बरंच काही लिहिलं आणि २०१६मध्ये, मालिकेच्या दहाव्या वर्षी, तो पुन्हा होलो-लॉरेन्सकडे आला. तेव्हापासून मुख्यतः त्याच जगात आहे. माझा एक मित्र म्हणतो, दुसरं काही चाललं नाही म्हणून परतला. मला हे पटत नाही. मला वाटतं, गोष्ट संपल्यावर माणसं कशी जगतात हा प्रश्न त्याने खरोखर मनावर घेतला. तुमची मतं हवी आहेत. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनीही लिहा, मी उत्तरं देईन. (पुढे रसभंग होईल, सांभाळून वाचा.)

रात्रपाळी

वाचतोय. मी जुना अॅनिमे पाहिला होता, कॉलेजात असताना. सगळे मित्र मारामारीच्या मालिका बघायचे आणि मी एकटा सरमिसळ नाण्यांच्या भावावर चाललेल्या गप्पा ऐकत बसायचो. एक मूलभूत प्रश्न : लाइट नॉव्हेल म्हणजे नेमकं काय? छोटी कादंबरी? किशोरांसाठी लिहिलेली? की जिच्यावर अॅनिमे निघतो ती?

तोक्यो_व्हाया_पुणे

मी उत्तर देतो. पुण्यात जपानी शिकलो, आता नऊ वर्षं इकडे नोकरी करतोय. लोकलमध्ये उभं राहून वाचायला जे पुस्तक सगळ्यात सोयीचं, त्याचा आकार म्हणजे बुन्को. साधारण पोस्टकार्डाएवढं, शर्टाच्या नाही पण कोटाच्या खिशात मावणारं. लाइट नॉव्हेल बहुतेक याच आकारात निघतात. मुखपृष्ठावर आणि सुरुवातीच्या रंगीत पानांवर अॅनिमेच्या धाटणीची चित्रं, आत अधूनमधून काळी-पांढरी. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, अवघड कांजींच्या (चिनी वळणाच्या चित्राक्षरांच्या) डोक्यावर वाचायला सोपं पडावं म्हणून काना, म्हणजे उच्चार दाखवणारी अक्षरं, लिहिलेली. वाचक मुख्यतः किशोर आणि विशीतले, पण चाळिशीतले सहप्रवासीही वाचताना दिसतात. ‘लाइट नॉव्हेल’ हा शब्द जपानी लोकांनीच इंग्रजी तुकडे जोडून तयार केलाय आणि तो प्रकाशकांच्या आधी वाचकांच्या तोंडी रुळला.

देंगेकी बुन्को ही पुस्तकमाला १९९३ची, हासेकुराची मालिका यातच निघाली. त्यांचा पुरस्कार १९९४पासून. नव्या लेखकासाठी तो पुरस्कार म्हणजे दार. हस्तलिखित पाठवायचं, चाळण्यांमागून चाळण्या पार करायच्या, आणि निवड झाली की तुम्हाला संपादक मिळतो. हा संपादक फार महत्त्वाचा. कुठला चित्रकार द्यायचा, पहिल्या खंडाचा शेवट बंद करायचा की पुढची वाट उघडी ठेवायची, पुढचा खंड किती महिन्यांत यायला हवा, सगळ्यात त्याचा हात असतो. हासेकुराला आयाकुरा जू हा चित्रकार मिळाला आणि आज होलो म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती आयाकुराच्या रेषेतली.

दार एकच होतं तेव्हा काय व्हायचं याचं उदाहरण म्हणजे कावाहारा रेकी. त्याने ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ याच पुरस्कारासाठी लिहायला घेतली, पण पानांच्या मर्यादेत ती बसेना. मग २००२पासून ती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकत राहिला. २००८मध्ये वेगळीच कादंबरी पाठवून पहिलं पारितोषिक मिळवलं आणि मग २००९मध्ये ती जुनी कथा छापून आली. २००४मध्ये ‘शोसेत्सुका नि नारो’ हे कोणीही आपली कादंबरी टाकू शकेल असं संकेतस्थळ सुरू झालं आणि हळूहळू हा दुसरा रस्ता हमरस्ता झाला. हासेकुरा मात्र जुन्या रस्त्याने, म्हणजे पुरस्कार, संपादक, बुन्को या क्रमाने आलेला लेखक आहे. त्याच्या लिखाणातली शिस्त तिथून आली असं मला वाटतं. प्रत्येक खंडात एक शहर, एक सौदा, एक संकट, आणि शेवटी दोघं पुन्हा गाडीवर.

सरधोपट

हळदुली, धागा चांगला आहे, पण मी तुमच्या मित्राच्या बाजूने. पहिले पाच खंड अप्रतिम. विशेषतः दुसरा. पण मधल्या भागात कथा फार रेंगाळते. योइत्सू जवळ यायला लागलं की काहीतरी कारण निघतं आणि गाडी वळते. ७, ११, १३ हे तर लघुकथांचे खंड. वाचक म्हणून मला जाणवतं की लेखकाला या दोघांना घरी पोहोचवायचंच नाहीये. आणि एकदा गोष्ट संपवल्यावर, पाच वर्षांनी पुन्हा तीच दोघं, त्यांनी काढलेलं हॉटेल, तीच नोकझोक? कुठल्याही मालिकेचं यश लेखकाला बांधून घालतं. याला तुम्ही निवड म्हणता, मला ती सक्ती वाटते.

हळदुली

सरधोपट, मधल्या खंडांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. सहावा तर मीही दोन वेळा अर्धवट ठेवला. पण रेंगाळण्याचं कारण गोष्टीतच आहे. योइत्सूला पोहोचलं की ठरलेला करार संपतो. होलोने सोबत मागितली होती ती तिथपर्यंतच. त्यामुळे जवळ येणारं प्रत्येक गाव त्या दोघांना घाबरवतं आणि वळण घेणारे तेच असतात.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. पहिल्या खंडातला नाण्यांचा सौदा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सोप्या आकड्यांत (हे आकडे माझे, पुस्तकातले नाहीत).

लॉरेन्सला वाटेत एक तरुण व्यापारी भेटतो. म्हणतो, अमुक चांदीच्या नाण्यातली चांदी लवकरच वाढणार आहे, आत्ता घेऊन ठेव. होलोला माणूस खोटं बोलतोय हे आवाजावरून कळतं. मग ती वेगवेगळ्या वेळी पाडलेली नाणी वाजवून ऐकते आणि सांगते की चांदी वाढत नाहीये, कमी होतेय. मग अशा पडत्या नाण्यांत कोणी पैसे का घालेल? इथे वाचक अडतो. लॉरेन्सही अडतो.

उत्तर असं. समजा राजाने जुनी दहा हजार नाणी गोळा करून वितळवली आणि चांदी कमी घालून त्यातून तेरा हजार पाडली. तीन हजार नाणी त्याला फुकट मिळाली. पण त्यासाठी आधी जुनी नाणी हातात हवीत आणि ती तर देशभर लोकांच्या गाठोड्यांत विखुरलेली. एखाद्या पेढीने गुपचूप ढीगभर जुनी नाणी जमवली तर ती राजाला म्हणू शकते : ही घ्या, पण बदल्यात आम्हाला जकातीतून सूट द्या, अमुक मालाचा मक्ता द्या. नाण्यात तोटा सोसायचा आणि मक्त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा नफा कमवायचा. नाणं हे निव्वळ आमिष असतं. खरा सौदा रुमालाखाली, राजाशी.

वाचताना मी उठून उभी राहिले होते. आणि हे सगळं लिहिलं २३ वर्षांच्या मुलाने. ज्याँ फाव्हिए या फ्रेंच इतिहासकाराचं मध्ययुगीन व्यापाऱ्यांवरचं पुस्तक जपानीत ‘सोनं आणि मसाले’ अशा नावाने आलं होतं. हासेकुराने आपल्या मालिकेचं नाव त्यावरून घेतलं.

गोदाकाठ

हळदुली ताई, तुमचा नाण्यांचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. नाणी जमवणं हा माझा जुना नाद. आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. पेशवाईत टांकसाळी सोनारांना परवान्याने चालवायला दिल्या जायच्या. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, शेजारी निजामाकडे आणखी तिसराच. नाव सगळ्यांचं रुपया, पण कस आणि वजन सारखं नाही. म्हणून एका भागातला रुपया दुसऱ्या भागात द्यायचा तर सराफ बट्टा कापायचा. बाजारात चालतं ते नाणं कुठलं, त्यात चांदी किती, आज बट्टा काय, हे ज्याला ठाऊक तो तरला.

‘वाजवून घेणे’, ‘खणखणीत नाणे’, ‘बंदा रुपया’ हे आपण रोज बोलतो ते तिथूनच आलंय. चांदीचं चांगलं नाणं दगडी फरशीवर टाकलं की लांबवर रेंगाळणारा आवाज देतं. हिणकस नाणं बद्द वाजतं. माझ्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेल्या खुणा आहेत, छोट्या छोट्या ठशांच्या, तपासून पाहिल्याच्या. म्हणून होलोने कानाने चांदी ओळखणं मला जादू वाटली नाही. सराफ कट्ट्यावर बसणाऱ्या जुन्या माणसांचे कान तसेच असणार. मी मालिका वाचलेली नाही. आज पहिला खंड मागवला.

एक विचारतो, यात हुंडी येते का?

हळदुली

येते! नाव अर्थातच वेगळं, पण काम तेच. लॉरेन्ससारख्या एकट्या माणसाने रोकड घेऊन जंगलातून जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. म्हणून एका शहरातल्या पेढीत पैसे भरून कागद घ्यायचा आणि दुसऱ्या शहरात त्या कागदावर रोकड उचलायची. कागद वटेल की नाही हे समोरच्या पेढीची पत किती यावर. तुमच्या शब्दांत दर्शनी हुंडी. माझे आजोबा हा शब्द वापरायचे.

खळं

मी शेतकरी, नगर जिल्ह्यात. मुलगी ही पुस्तकं वाचते, तिच्यामुळे मी तिच्या मोबाइलवर पहिला आणि चौथा वाचला, तिची मदत घेऊन.

दोन गोष्टी सांगतो. पहिल्या खंडात गावकरी कापणीच्या शेवटी शेवटचा गहू कापतात आणि त्या शेवटच्या पेंढीत लांडगी अडकलीय असं मानतात. मुलीने शोधून दाखवलं की जेम्स फ्रेझरच्या ‘गोल्डन बाउ’ या ग्रंथात युरोपातल्या अशा चालींवर अख्खं प्रकरण आहे. वाऱ्याने पीक लाटेसारखं हललं की ‘लांडगा चालला’ म्हणायचे, पोरांना शेतात शिरू नको म्हणून लांडग्याचं भय घालायचे, आणि शेवटची पेंढी ज्याच्या वाट्याला आली त्याला लांडगा मिळाला म्हणायचे. आमच्याकडे खळ्याची पूजा व्हायची तेव्हा माझी आजी रास मोजताना कोणाला बोलू द्यायची नाही. धान्यात कोणीतरी आहे, त्याला दचकवू नये, असं तिचं म्हणणं. आता मळणी यंत्रात होते, दीड तासात पोती भरून मोकळं. म्हणून गावाला होलोची गरज उरली नाही हे वाचलं तेव्हा मला ते नीट समजलं.

दुसरं, चौथ्या खंडात एका गावाच्या गव्हात विषारी दाणे निघतात आणि सगळा माल परत येतो, वर दिलेले पैसेही परत मागतात. तो रोग म्हणजे अरगट. आमच्या बाजरीवर यायचा, त्याला गोंद्या म्हणतात. कणसातून मधासारखा चिकट द्राव येतो, मग काळपट गाठी होतात. मिठाच्या पाण्यात बी बुडवलं की त्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या. हे मी स्वतः केलंय. लेखकाने शेतकऱ्याच्या बाजूचं भय बरोबर पकडलंय. रोग थोडा असतो, पण नाव सगळ्या गावाचं खराब होतं, आणि माल घेणारा एकच असला की गाव त्याच्या मुठीत.

रात्रपाळी

खळं, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात चांगला. मुलीलाही लिहायला सांगा.

अबोली७

मला वेगळ्या बाजूने विचारायचंय. मी अनुवाद करते (जपानी नाही, कन्नड-मराठी). होलो मूळ जपानीत कशी बोलते? इंग्रजीत ती थोडी जुनाट बोलते, पण त्यात मजा कमी आणि नाटकीपणा जास्त वाटतो.

तोक्यो_व्हाया_पुणे

अबोली, यावर तासभर बोलता येईल. होलो स्वतःला ‘वाच्ची’ म्हणते, समोरच्याला ‘नुशी’. ही एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) गणिकांच्या वस्तीतली बोली, कुरुवा-कोतोबा. देशभरातून आलेल्या मुलींचे गावाकडचे हेल झाकले जावेत म्हणून ती घडली असं सांगतात. म्हणजे ही बोली बोलणारी स्त्री लाघवी आहे, चतुर आहे, पण ती मूळची कुठली ते तिच्या बोलण्यातून कळू नये अशी सोय त्या भाषेतच आहे. घर हरवलेल्या देवतेला ही बोली दिली. त्यात म्हाताऱ्या माणसाची ऐटही मिसळलीय. जपानी वाचकाला पहिल्या वाक्यापासून कळतं की ही दिसते तेवढी लहान नाही.

लेखकाच्या टोपणनावाबद्दलही सांगतो. ‘इसुना’ची कांजी ‘गोठणे’ आणि ‘वाळू’ या अर्थांची आहेत. आडनावाची कांजी तीच, जी १६१३मध्ये जहाजाने मेक्सिकोमार्गे स्पेन आणि रोमला गेलेल्या हासेकुरा त्सुनेनागाची.

अबोली७

मग मराठीत तिला जुन्या लावणीतल्या बाईची भाषा द्यावी का? ‘राया’ वगैरे म्हणणारी? मन घेत नाही. फार पटकन शृंगारिक होईल, आणि होलोच्या बोलण्यात शृंगारापेक्षा कुरघोडी जास्त आहे. माझी पणजी कारवारकडची. ती नवऱ्याला कधी नावाने हाक मारत नसे, पण टोमणा असा मारायची की समोरच्याला तिसऱ्या दिवशी लागायचा. त्या वळणाची भाषा हवी. ‘तू’ म्हणणारी, पण ‘तू’मध्ये वय असलेली. उद्या दोन पानं करून बघते, स्वतःपुरती.

सरधोपट

मूळ मुद्द्यावर येतो. कोणी ‘वर्ल्ड एंड इकॉनॉमिका’चं नावही काढलं नाही. २०११मध्ये मालिका संपवून हासेकुराने काय केलं? ‘स्पायसी टेल्स’ नावाने स्वतंत्र गट काढला आणि २०११ ते २०१३ या काळात तीन भागांची व्हिज्युअल नॉव्हेल केली. चित्र, संगीत आणि मजकूर यांतून वाचायची कथा. घडते चंद्रावरच्या शहरात, नायक शेअर बाजारात पैसे लावणारा पळून आलेला पोरगा. त्याआधीही दिवसभर शेअर खरेदी-विक्री करणाऱ्या मुलीवरच्या ‘बिलियनेअर गर्ल’ या मांगाचं (जपानी चित्रकथेचं) कथालेखन त्याने केलं होतं. २०१२पासून ‘माग्दाला दे नेमुरे’, किमयागारांवरची मालिका, देंगेकीतच. हा माणूस धाडसी होता. चंद्रावरचा बाजार कोसळतो तो भाग मी माझ्या डीमॅट खात्यात पहिल्यांदा मोठा तोटा झाला त्या आठवड्यात वाचला. त्या पोराला आपण सगळ्यांपेक्षा हुशार आहोत असं वाटत असतं, आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन जाते. तेच मला हवं होतं त्याच्याकडून, अजून. म्हणून २०१६चं परतणं मला लागलं. मी चिडून बोलत नाहीये, एका वाचकाची हळहळ आहे ती.

हळदुली

तुमच्या आधीच्या प्रतिसादाला मी भरभर उत्तर दिलं, त्याबद्दल माफ करा. ही हळहळ मला समजते. पण बघा ना, चंद्रावरचा पोरगा आणि लॉरेन्स यांची चूक एकच आहे. दुसऱ्या खंडात लॉरेन्स मिरी विकायला जातो. तिथली पेढी तराजू ठेवलेलं टेबल तिरकं करून त्याला फसवत असते, होलो ते पाण्याने दाखवून देते. लबाडी पकडली या आनंदात तो त्यांच्यावर दबाव आणून ऐपतीपेक्षा जास्त चिलखतं उधारीवर उचलतो. आणि पुढच्या शहरात पोहोचल्यावर कळतं की उत्तरेची मोहीम रद्द झालीय, चिलखतांना गिऱ्हाईक नाही, आणि विकणाऱ्यांना हे बहुधा आधीच माहीत होतं. जिंकल्याच्या क्षणीच तो बुडालेला असतो. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यापासून आजपर्यंत हा लेखक तोच क्षण वेगवेगळ्या बाजूंनी बघतोय.

निळी_शाई

उशिरा आले, सगळं वाचलं. २०१६बद्दल लिहायचंय कारण मी या मालिकेत शिरले तीच मागच्या दाराने, म्हणजे ‘स्प्रिंग लॉग’ हे उपनाव असलेल्या अठराव्या खंडापासून.

सतराव्या खंडात आधीच्या खंडांतल्या बायका एका निमंत्रणावरून उत्तरेला निघतात आणि तिथे दोघांनी संसार थाटलाय हे कळतं. बहुतेक गोष्टी इथे थांबतात. सप्टेंबर २०१६मध्ये त्याने एकाच वेळी दोन पुस्तकं काढली. एक म्हणजे अठरावा खंड, न्योहिराच्या गरम झऱ्यांजवळ दहा-बारा वर्षं पाहुण्यांसाठी विश्रामगृह चालवणारे होलो आणि लॉरेन्स. दुसरं ‘वुल्फ अँड पार्चमेंट’, त्यांची मुलगी म्युरी आणि जुन्या प्रवासात त्यांना भेटलेला, आता तरुण झालेला कोल यांची नवी मालिका.

अठराव्यापासूनच्या गोष्टींत काय घडतं? पाहुण्यांची व्यवस्था, हिवाळ्याची बेगमी, मुलगी घरातून गेल्यावर रिकामं वाटणं. पण खाली सतत एकच भय आहे. लॉरेन्स म्हातारा होणार, मरणार. होलो शेकडो वर्षं उरणार आणि आजचे हे साधे दिवस विसरणार. म्हणून ती रोजचं लिहून ठेवायला लागते. सरधोपट, तुम्ही म्हणता तीच नोकझोक. मी माझ्या नवऱ्याच्या आजारपणात हे वाचत होते. तो आता बरा आहे. पण तेव्हा रोज रात्री मी वहीत लिहायचे, आज काय जेवला, काय बोलला. मला कोणी सांगितलं नव्हतं लिहायला. नंतर होलोची वही वाचनात आली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. सक्तीने लिहिणाऱ्या लेखकाला हे सुचेल असं मला वाटत नाही.

आणि दुसरी मालिका आपल्या लोकांनी तर वाचायलाच हवी. कोलला धर्मग्रंथ चर्चच्या भाषेतून लोकांच्या बोलीत आणायचाय, आणि त्यावरून राज्य आणि चर्च यांच्यात ताण. आपल्याकडे हे शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरांनी केलं, पुढे एकनाथांना प्राकृतात लिहिल्याचा जाब द्यावा लागला असं परंपरा सांगते, आणि गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६मध्ये ‘क्रिस्तपुराण’ मराठीत ओवीबद्ध केलं. युरोपातला हा झगडा वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

सरधोपट

निळी शाई, वाचलं. अठरावा पुन्हा हातात घेतो. पंचविशीत वाचला होता, आता लग्नाला सहा वर्षं झाली.

तोक्यो_व्हाया_पुणे

एक आर्थिक बाजूही. इथे लाइट नॉव्हेलचा लेखक पुस्तकांवर एकट्याने क्वचित जगतो. मांगा, अॅनिमे, वस्तू, खेळ हे एकमेकांना धरून चालतात. या कथेचा कोउमे केइतोने केलेला मांगा १६ खंड चालला. २०१९मध्ये ‘स्पायसी टेल्स’नेच आभासी वास्तवातला खेळ काढला, ज्यात डोळ्यांवर यंत्र चढवून होलोसमोर बसता येतं. म्हणजे तो गट त्याने मोडला नाही, जुन्या कथेला नव्या गटात घेऊन गेला. आणि २०२४मध्ये अॅनिमे पहिल्यापासून नव्याने आला. आवाज तेच, कोशिमिझु आमी आणि फुकुयामा जुन. जुन्या अॅनिमेचा दिग्दर्शक ताकाहाशी ताकेओ या वेळी मुख्य दिग्दर्शक. जुन्यात क्लोई नावाची मुलगी घातली होती, ती मूळ पुस्तकात नाही. नव्यात तिच्या जागी पुस्तकातला यारेई, पास्लोए गावचा लॉरेन्सचा ओळखीचा, परत आला. पंधरा वर्षांनी त्याच दोन नटांनी तीच माणसं पुन्हा बोलायची, हे मी एप्रिलच्या पहिल्या रात्री जागून पाहिलं. कोशिमिझुच्या आवाजात आता थोडं वय आलंय आणि ते होलोला शोभतं.

रात्रपाळी

नवा अॅनिमे आधी बघू की पुस्तक?

तोक्यो_व्हाया_पुणे

पुस्तक. निदान पहिले दोन खंड. हिशेब पडद्यावर भरकन निघून जातात, कागदावर थांबून करता येतात. येन प्रेसच्या इंग्रजी आवृत्त्या २००९पासून आहेत, पूर्ण मालिका मिळते. क्रम साधा : १ ते १७, मग १८पासून पुढे, आणि ‘पार्चमेंट’ त्याच्या जोडीने.

अबोली७

दोन पानं झाली. ‘वाच्ची’ला मराठीत काही उत्तर सापडलं नाही, शेवटी ‘मी’च ठेवलं. पण वाक्याच्या शेवटी पणजीचा ‘गो’ आणि ‘रे’ आला आणि ती एकदम जिवंत झाली. तोक्यो, तुम्हाला पाठवते, मूळाशी ताडून सांगा.

हळदुली

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती, ती आता लिहिते.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खोदलेले खड्डे. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, रंग उतरत नाही. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. आमची हळद त्यात होती, त्यातली बरीचशी उधारीवर घेतलेली, भाव चढेल म्हणून ठेवलेली. वडिलांनी पुढची नऊ वर्षं ते देणं फेडलं, एकेका शेतकऱ्याच्या घरी जाऊन. दुकान गेलं. त्याबद्दल ते घरात कधीच बोलले नाहीत. हासेकुराला पारितोषिक मिळालं तेही २००५ सालच, हे मला फार नंतर कळलं.

गेल्या महिन्यापासून मी त्यांना रविवारी फोनवर ही गोष्ट सांगते. मराठीत, माझ्या शब्दांत. पहिल्या खंडातल्या नाण्यांपाशी आले आणि म्हटलं, आता सांगा, नाणं पडणार हे माहीत असून ती पेढी का घेत असेल? मला वाटलं विचार करतील. ते लगेच म्हणाले, “राजाला पायजे असंल गं जुनं नाणं. राजाकडनं काय मिळतंय ते बग.”

मागच्या रविवारी दुसरा खंड सुरू केला. तराजू, तिरकं टेबल, मग उधारीवर उचललेली चिलखतं. लॉरेन्स शहरात पोहोचतो आणि भाव पडलेला कळतो, तिथे मी थांबले, कारण पुढे कसं सांगावं कळेना. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, “किती दिवसांची मुदत हाय त्याला?”

थोडे दिवस आहेत म्हटलं.

“मग आत्ता ठेवू नगं फोन. सांग पुढं.”